कम्प्युटरच्या पोटातला कम्प्युटर

माझे यजमान रेशमी साड्यांच्या काठांचे नमुने काढतात. विणत नाहीत, नुसते काढतात. विणणारे लोक कुंभकोणच्या पूर्वेला, आडुतुरैच्या रस्त्याने राहतात. ते कागदावर किंवा मोबाइलवर एखादं चित्र घेऊन येतात आणि यजमान त्या चित्राचे चौकोन करतात. भरलेला चौकोन म्हणजे तिथे जरीचा धागा वर येणार, रिकामा म्हणजे खाली राहणार. त्या चौकोनांवरून दुसरीकडे कुणीतरी पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, पुठ्ठे मागावर चढतात, आणि मोर, रुद्राक्ष, देवळाचे कळस साडीवर उतरतात. लग्नानंतर कित्येक वर्षं मला एवढंही माहीत नव्हतं. ते पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. आलेल्या माणसांची कॉफी दारापर्यंत नेऊन ठेवायची आणि मागे फिरायचं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. लहानपणीही निघत नसे. शाळेत चौथीपर्यंत गेले, तीही तमिळ. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर या तमिळ मुलखात आले, घरात अजून मराठीच बोलतो; तिची अक्षरं आईने पोथीवर बोट ठेवून शिकवली.

तीन वर्षांपूर्वी यजमानांना झटका आला. उजवा हात गेला. पाय हळूहळू आला, बोलणं जड झालं. मागच्या खोलीतल्या खाटेवर ते चार महिने पडून होते. खिडकीतून मागचा कालवा दिसतो, तो बघत असायचे. मग एक दिवस काठी टेकत पुढच्या खोलीत गेले, कम्प्युटरसमोर बसले आणि मला हाक मारली.

"अगे, इथे बैस."

मला वाटलं, त्यांना पाणी हवं असेल. त्यांनी माझा हात धरून कळांवर ठेवला.

"मला काय येतंय त्यातलं?" मी म्हटलं.

"एकपासून शंभर येतं ना? पुरे तेवढं."

तो फार जुना कम्प्युटर होता. त्यातला चौकोन भरायचा प्रोग्रॅम त्याहून जुना. त्याला माउस लागत नसे. बाणांच्या कळांनी पुढे सरकायचं, लांब कळ दाबली की चौकोन भरतो. यजमान माझ्या डाव्या बाजूला बसून सांगायचे. "चार सोड. एक भर. दोन सोड. एक भर. ओळ उतर." एवढंच. बाकी बोलताना त्यांची जीभ अडखळायची, 'डॉक्टर' म्हणायला तीनदा प्रयत्न लागायचा, पण सोड आणि भर मात्र स्वच्छ. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मग औषधासारखं रोज सकाळ-संध्याकाळ चालू ठेवा. आम्ही ठेवलं. नवीन काही नव्हतं, जुनेच नमुने. कुणाला मोर लहान हवा, कुणाला काठ चार बोटं रुंद हवा. माझी बोटं हळू चालायची. ते थांबायचे. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कधी एवढा वेळ शेजारी बसलो नव्हतो.

मग एका चैत्रात तो कम्प्युटर बंद पडला. आधी जळका वास आला, मग पंखा थांबला. गावातल्या दुरुस्तीवाल्याने आत बघून हात झटकले. "अम्मा, याचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. नवा घ्या." मुलाने बेंगळुरूहून नवा लॅपटॉप पाठवला. पण तो जुना प्रोग्रॅम नव्यावर चालेना. विणकरांनी कुठला तरी नवा प्रोग्रॅम आणून दिला, त्यात सगळं माउसने, रंगीबेरंगी, आणि प्रत्येक कामाला वेगळी खिडकी उघडायची. यजमानांनी अर्धा तास पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे माझं हत्यार नव्हे," म्हणाले.

त्यानंतर ते पुढच्या खोलीत गेले नाहीत. पुन्हा खाट, पुन्हा खिडकी. आडुतुरैचे एक विणकर, जे वीस वर्षं यायचे, ते आले की हे झोपल्याचं सोंग घ्यायचे. बोलणं पुन्हा जड झालं. जेवताना "भात" एवढा शब्दही पानाकडे बोट दाखवून व्हायचा. मला भीती वाटायची ती हातापायाची नव्हती. हा माणूस आतून दार लावून घेतो आहे, असं वाटायचं.

आषाढात सून आली. सून सांगलीकडची. मुलगा आणि ती बेंगळुरूला एकाच कचेरीत काम करतात, तिथेच जमलं. तिला आमची बोली ऐकून गंमत वाटते. आम्ही 'सगळं'ला 'अस्कं' म्हणतो. पहिल्यांदा घरी आली तेव्हा यजमान तिला म्हणाले होते, "अस्कं वाढून घे, लाजूं नको," आणि ती हसत मुलाला म्हणाली, "तुझे बाबा बखरीतून बाहेर आलेत का रे?" मला ती तेव्हाच आवडली. तिनेच मला मराठी पुस्तकं पाठवली. ती वाचून मी पुस्तकातली मराठी लिहायला शिकले.

तर सून आली, सासऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "आई, तो जुना डबा टाकला नाही ना?"

डबा माळ्यावर होता. तिने तो खाली काढला, ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं, आणि पदर खोचून करंजीच्या सारणाला बसावं तशी स्क्रू काढायला बसली. आतून पानाच्या डब्याएवढी एक चपटी वस्तू काढली.

"जळलाय तो डबा, आई. ही डिस्क जिवंत आहे. सगळं काम हिच्यात असतं."

डिस्क एका वायरीने लॅपटॉपला जोडली. दुपारभर काहीतरी चालू होतं, पडद्यावर एक पट्टी मुंगीसारखी पुढे सरकत होती. मी विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, "जुन्या कम्प्युटरवर जे जे होतं ते जसंच्या तसं एका फाइलमध्ये येतंय. मग लॅपटॉपमध्ये एक खोटा कम्प्युटर तयार करायचा, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला, आणि ही फाइल त्याची डिस्क म्हणून लावायची. म्हणजे या नव्याच्या पोटात तो जुना चालू होईल. एका खिडकीत."

"अस्कं येईल?"

"अस्कं," ती माझी नक्कल करत म्हणाली.

पण पहिल्यांदा नुसता निळा पडदा आला आणि पांढरी अक्षरं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. यजमानांना आम्ही खुर्चीत आणून बसवलं होतं. ते भिंतीकडे बघत होते.

"असं का होतंय?" मी विचारलं.

"त्या जुन्याला वाटतंय की तो अजून आपल्या जुन्याच डब्यात आहे," सून म्हणाली. "जागा झाला की ओळखीचे भाग शोधतो, ते सापडत नाहीत, घाबरून बंद पडतो. आता तुझे हातपाय वेगळे आहेत, एवढं त्याला समजावायचंय."

यजमानांनी मान वळवली. "मलाही... तेच समजावतात," ते म्हणाले.

कित्येक आठवड्यांनंतरचं त्यांचं पहिलं अख्खं वाक्य होतं ते. सुनेने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती उठून तोंड धुवायला गेली, आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकोनी खिडकी, आणि त्या खिडकीत आमचा जुना कम्प्युटर उठून बसला. सुरू होताना वाजायचा तोच सूर वाजला. तेच हिरवं चित्र, डावीकडे त्याच जागी तोच प्रोग्रॅम. यजमानांनी चष्मा मागितला. मी चष्मा पुसून दिला, तर म्हणाले, वेष्टी बदलून येतो. कामाला बसताना ते नेहमी धुतलेली वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, नेसत.

"बाबा, एक गंमत सांगू?" सून म्हणाली. "आतल्या कम्प्युटरला माहीतच नाही की तो आत आहे. त्याला वाटतं, आपणच खरे."

"मग... सांगू नको त्याला."

"तुम्ही सगळे तसेच आहात की. बाहेर सगळं तमिळ, उंबऱ्याच्या आत तीनशे वर्षांपूर्वीची मराठी चालू. कुणी सांगितलंच नाही तुम्हांला."

"तू आलीस ना सांगायला," यजमान म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "अगे, बैस."

मला बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. माउसचा बाण खिडकीच्या आत गेला की आतच राहतो, बाहेर येत नाही. त्यासाठी उजवीकडची एक कळ दाबावी लागते. सून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती कळ विसरले. फोन करायची लाज वाटली. तिच्या कामाच्या वेळेला कसा करायचा? बाण आत, आम्ही दोघं बाहेर, जेवणाची वेळ होईपर्यंत तसेच बसून राहिलो. यजमान म्हणाले, "असूं दे. भूक लागली की येईल." शेवटी संध्याकाळी तिचाच फोन आला. बंद करतानाही क्रम असतो: आधी आतला कम्प्युटर बंद, मग बाहेरचा. हे मात्र मला लगेच कळलं. देवळात आधी गाभाऱ्याचं दार लागतं, मग गोपुराचं. पडद्यावर इंग्रजीत काही विचारलं तर काय करायचं, हेही तिने सांगून ठेवलं होतं. "घाबरू नका, पहिलं बटण दाबा. ते 'हो' असतं."

कामं पुन्हा यायला लागली. आणि श्रावणाच्या सुरुवातीला एका सकाळी, हातात कुणाचंच चित्र नसताना, यजमान म्हणाले, "नवं पान घे."

"कुणाचा नमुना?"

"घे तर खरं."

मग ते सांगत गेले. "अठरा सोड. दोन भर. ओळ उतर. सोळा सोड. पाच भर." मला काही कळेना. चौकोन भरताना चित्र दिसत नाही, कणीक मळताना पोळी दिसत नाही तसं. नमुना ते नेहमी उलटा, पायांकडून डोक्याकडे सांगायचे, म्हणून चार दिवसांनी लांबून बघितलं तेव्हा आधी पाय दिसले. लांब बोटांचे, पाणवेलीवर ठेवलेले. मी म्हटलं, "ही तर पाणकोंबडी!"

मागच्या कालव्यात एक पाणकोंबडी राहते. काळी, कपाळावर लाल ठिपका, चालताना शेपटी उडवते. ते खाटेवर होते त्या महिन्यांत तिची पिल्लं झाली होती. मी औषध द्यायला गेले की ते कधीकधी बोटाने दाखवायचे. मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून बघतात.

आडुतुरैच्या त्या जुन्या विणकरांना कळलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अण्णा, मोर सोडून पाणकोंबडी? मुहूर्ताच्या साडीवर ही काळी कोंबडी कोण नेसणार?"

"नेसूं नका," यजमान म्हणाले. "मी काय विणायला सांगितलं कां?"

विणकर माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्का, तुम्ही तरी सांगा." मी मान खाली घातली. पण आत मला हसू येत होतं. माझा माणूस भांडायला लागला होता.

रोज दहा-बारा ओळी व्हायच्या. कधी एकच. ते डोळे मिटून बसायचे आणि मी वाट बघायची. एकदा एका ओळीपाशी तीन दिवस अडले. मानेच्या वळणाची ओळ होती ती. तीन सोड, नको, दोन सोड, नको, पुन्हा तीन. मी भरायची, पुसायची. झटक्यानंतर त्यांनी स्वतःच्या मनातून काढलेला हा पहिला नमुना होता. ते तसं कधी म्हणाले नाहीत. पण रोज सकाळी माझ्या आधी खुर्चीत असायचे.

नवरात्र आलं तेव्हा पक्षी डोक्यापर्यंत पूर्ण झाला होता. लाल ठिपका तेवढा राहिला होता. यजमान म्हणाले, "तो विजयादशमीला भरूं."

आमच्याकडे आयुधपूजेला सगळी हत्यारं, पुस्तकं देवापुढे ठेवतात. विणकर मागाची पूजा करतात, दुकानदार तराजूची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, ते उचलून थोडं तरी काम करायचं. पण त्याआधी हत्यारं स्वच्छ झाली पाहिजेत, आणि मोडकं काही घरात राहता कामा नये. बोथट विळी, कान तुटलेली कढई, अस्कं बाहेर. माझ्या आईचा हा नियम फार कडक होता. मोडक्या हत्याराला कुंकू लावलं तर वर्षभर काम मोडकं, म्हणायची.

मी आदल्या दिवशी विळ्या घासल्या, माझी शिवणाची कात्री पुसली, मग लॅपटॉप घेतला. मऊ फडक्याने पडदा, कापसाने कळांमधल्या फटी. तो चालूच होता. पडद्यावर काही दिवसांपासून एक लाल पट्टी दिसायची. तशीच पट्टी माझ्या मोबाइलवर यायची तेव्हा मुलाने दाखवलं होतं, आई, जागा भरली की असं होतं, मोठ्यातली मोठी फाइल काढून टाकायची. म्हटलं, बाहेरून पुसलं, आता आतूनही पुसावं. शोधलं. एक फाइल बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी पट मोठी होती. नाव नुसतं आकडे आणि अक्षरं. फोटोसारखं चित्र नाही, पांढरा कागद तेवढा. मी ती उघडायला गेले. उघडेना. पुन्हा दाबलं, तरी नाही.

जे उघडत नाही ते मोडकं.

मी काढायची कळ दाबली. इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारणा आली. मी पहिलं बटण दाबलं. लाल पट्टी गेली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मोबाइल नाही, कम्प्युटर मी एकटीने साफ केला. यजमानांना सांगितलंही नाही. उगीच मिरवल्यासारखं नको.

पूजेच्या दिवशी लॅपटॉपला गंधाचे तीन ठिपके लावले, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. चुरमुरे, फुटाणे, गूळ यांचा नैवेद्य दाखवला. यजमानांनी डाव्या हाताने आरती केली. तो दिवस फार सुखात गेला.

विजयादशमीला सकाळी आंघोळ करून, गंध लावून ते खुर्चीत बसले. मी फूल काढून ठेवलं, लॅपटॉप उघडला, आतल्या कम्प्युटरचं बटण दाबलं. खिडकी आली नाही. एक छोटी पाटी आली, तिच्यावर लाल फुली. पुन्हा दाबलं. पुन्हा फुली.

"काय झालां?" ते म्हणाले.

मी मागच्या अंगणात जाऊन सुनेला फोन केला. या वेळी लाज वाटायलाही वेळ नव्हता. तिने पाटीवरची अक्षरं एक एक करून वाचायला सांगितली. मी वाचली.

"आई, दोन दिवसांत काही काढून टाकलंत का लॅपटॉपवरचं?"

मी तिला सांगितलं. मोठी फाइल होती, उघडत नव्हती, असंही सांगितलं.

"ती तशी उघडत नाही, आई. तो जुना कम्प्युटर होता."

"कुठला?"

"तोच. आख्खा. ती एक फाइल म्हणजेच तो सगळा."

मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले. ती म्हणाली, घाबरू नका, आषाढात केलेली एक नक्कल माझ्याकडे आहे, बाबांचे सगळे जुने नमुने त्यात आहेत. मी विचारलं, पाणकोंबडी? ती म्हणाली, ती श्रावणातली ना. ती त्यात नसणार. मी प्रयत्न करते, तुम्ही लॅपटॉपला हात लावू नका.

आत येऊन यजमानांना म्हटलं, "काहीतरी बिघडलंय. सून बघते आहे." हे खोटं नव्हतं, पण मला ते खोट्यासारखंच लागलं. दोन दिवस ती बेंगळुरूहून बघत होती. आमच्या पडद्यावर बाण कुणी हात न लावता फिरायचा, खिडक्या उघडायच्या, मिटायच्या. यजमान खुर्चीत बसून त्या बाणाकडे बघायचे. मी स्वयंपाकघरात. डाळ दोनदा लागली.

तिसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "नाही आली, आई. एवढी मोठी फाइल कचऱ्याच्या टोपलीत जात नाही, थेट जाते. तेच विचारत होतं ते तुम्हांला." मग म्हणाली, "चूक माझी आहे. दर महिन्याला नक्कल घ्यायला हवी होती. आणि 'पहिलं बटण दाबा' मीच शिकवलं तुम्हांला. बाबांना मी सांगते, डिस्क खराब झाली म्हणून. तुम्ही काही बोलू नका. त्यांना आत्ता धक्का नको, आणि तुम्हांला तर नकोच."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. इतकं सोपं होतं. बोलायचंही नव्हतं, आणि न बोलणं तर मला जन्मभर जमलेलंच. पण मग मी विचार केला, उद्यापासून मी त्यांच्या उजव्या बाजूला बसणार, ते म्हणणार चार सोड, आणि मी ते ऐकून दाबणार. त्या खुर्चीत बसून हे पोटात ठेवायचं, ते कसं जमेल? दुसऱ्या कुठेही जमलं असतं.

मी हात पुसले आणि पुढच्या खोलीत गेले.

"अहो."

त्यांनी वर बघितलं.

"आपोआप काही बिघडलं नाही. मी काढून टाकलं. पूजेसाठी साफ करताना. मोडकं आहे असं वाटलं मला."

"अस्कं गेलं कां?"

"जुनं आहे सुनेकडे. पाणकोंबडी गेली."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. काठी घेऊन उठले आणि मागच्या खोलीत गेले. खाटेचा आवाज आला. मी तिथेच उभी राहिले, माझ्या लक्षात आलं की मी लॅपटॉपच्या कडेचं वाळलेलं गंध नखाने खरवडते आहे.

त्या दिवशी ते जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेने जुना कम्प्युटर पुन्हा आणून बसवला. तोच सूर वाजला. मी मुद्दाम आवाज वाढवला. मागच्या खोलीतून काही नाही. मी दाराशी जाऊन म्हटलं, "आला परत." ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "असूं दे. ते दुखण्यात सुचलेलं होतं. दुखणं गेलं, तेही गेलं. पुन्हा... नाही येत मला."

तीन दिवस असेच. विणकर येऊन गेले. मी त्यांना दारातूनच, तमिळमध्ये, स्वतः सांगितलं की आठ दिवसांनी या. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्याशी एवढे शब्द वीस वर्षांत बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी भांडी घासत होते. हात चालू होते आणि मनात काहीतरी मोजणं चालू होतं. कधी सुरू झालं ते कळलं नाही. अठरा सोड, दोन भर. सोळा सोड, पाच भर. मी थांबले. पुढचं आठवायला गेले तर आठवेना. पुन्हा भांडं घासायला घेतलं, तर बोटांनी सांगितलं. पंधरा सोड, एक भर, दोन सोड, एक भर. मी हात न धुताच गेले, लॅपटॉप उचलला, मागच्या खोलीत नेऊन खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला. राखेची बोटं कळांवर उमटली. नवं पान घेतलं आणि मोठ्याने म्हणत भरायला लागले. मी घरात कधी मोठ्याने बोलत नाही.

"अठरा सोड. दोन भर. ओळ उतर. सोळा सोड. पाच भर."

ते भिंतीकडे तोंड करून होते. मी थांबले नाही. पाय झाले. पायांची बोटं झाली. पोटाच्या ओळींत मी दोनदा चुकले असेन, तरी थांबले नाही. संध्याकाळ व्हायला आली. पाठ भरून आली होती. मानेपाशी पोचले.

"दोन सोड," मी म्हटलं. "एक भर."

"तीन," भिंतीकडून आवाज आला.

मी भरलं. दोनच सोडून.

ते कुशीवर वळले. "तीन सोड, म्हटलं ना. शेवटी तीन ठरलं होतं."

"दोन ठरलं होतं. तीन दिवस घोळ घालून तुम्हीच दोन म्हटलंत."

"माझा नमुना आहे की तुझा?"

"बोटं माझी होती."

त्यांनी डावा हात पुढे केला. मी त्यांना उठवून बसवलं, पाठीशी उशी लावली. चष्मा लावून ते पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकेल. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. कालव्यात ती नव्हती, नुसत्या वेली हलत होत्या.

"पोट चुकवलंयस," ते म्हणाले. "फुगलीये. पिल्लं आत असल्यासारखी."

"पुसूं?"

"नको." त्यांनी पुन्हा बघितलं. "राहूं दे. मान मात्र तीनची."

"दोनची."

"पुसून बघ तर. तीन सोड."

मी पुसलं आणि तीन सोडून भरलं. दोघांनी बघितलं. मग त्यांनी सांगायच्या आधीच मी पुसून दोन केलं. तेही बघितलं. अंधार पडून खोलीत दिवा लावावा लागला, तरी आमचं ठरलं नाही. शेवटी ते म्हणाले, मान उद्या बघूं, चोच घे, चोचीचं मला पक्कं आठवतंय. आणि सांगायला लागले.